शेवटच्या पानावरून

हर्षाली पगारेची वही तपासायची
तर मागूनच सुरुवात करावी लागते.
पुढून गृहपाठ, मागून प्रश्न.
दिवाळीच्या सुमाराला मधे कुठेतरी
दोघांची टक्कर होते
आणि मला सांगावं लागतं, नवी वही आण.

पहिला प्रश्न जूनमधला:
"मॅडम, ऋण गुणिले ऋण धन का?
दोनदा उधारी केली की माणूस श्रीमंत होतो?
पप्पा म्हणाले, मी करून बघितलंय."
मी लाल पेनाने संख्यारेषा काढली,
तिच्यावर एक बेडूक,
तोंड फिरवून मागे उड्या मारणारा.
तिने खाली लिहिलं: बेडूक कळला. उधारी नाही कळली.

मग गंगेला पाणी आलं.
अर्धा वर्ग गैरहजर, उरलेला खिडकीत.
आमच्या नाशकात पूर मीटरमध्ये कोण मोजतो?
दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं,
छातीला म्हटलं की भांडीबाजार दुकानं आवरतो.
हर्षालीचं अक्षर त्या दिवशी ओलसर होतं:
"एक कंबर म्हणजे किती गुडघे?
ठरलेलं नसेल तर हे प्रमाणित एकक कसं?
आणि एक तोंड येणारं पाणी बघतं, दुसरं जाणारं,
तर दोघांची सरासरी काढायची का?"

काही प्रश्नांना विषयच नसतो.
"आत्याचे मिस्टर नोटांच्या प्रेसमध्ये आहेत.
दिवसभर नोटा मोजतात
आणि वीस तारखेला पप्पांकडे पाचशे मागतात.
हे गणितात विचारू की नागरिकशास्त्रात?"

"मम्मी पिंपळगावला द्राक्षं निवडते.
मणी रिंगमधून पडला तर इथला,
अडकला तर परदेशी.
मग गोड कोणता, ते कोण मोजतं?"

सोनवणे सर माझ्या खांद्यावरून वाचतात.
"हे परीक्षेला आहे का?" विचारतात,
आणि चहा गार होईपर्यंत तिथेच उभे राहतात.

फेब्रुवारीत द्रावणं शिकवली.
ग्लासात मीठ, चमचा, मीठ, चमचा,
शेवटी तळाशी पांढरा थर.
याला म्हणतात संपृक्त, मी म्हणाले,
आता पाणी आणखी घेणार नाही.
सगळ्यांनी लिहून घेतलं.

संध्याकाळी सातपूरच्या बसमध्ये मांडीवर तिची वही:
"रामकुंडात अस्थी विरघळतात म्हणतात.
पण हाडात कॅल्शियम फॉस्फेट असतं,
ते पाण्यात विरघळत नाही, तुम्हीच सांगितलं.
समजा रोज दोनशे माणसं,
समजा प्रत्येकाचे दोन किलो,
तर वर्षाला १४,६०० किलो.
मॅडम, हे सगळे जातात कुठे?
कुंड संपृक्त कधी होणार?"

नोव्हेंबरात मी तिथे होते.
आईला गाडग्यात घेऊन, अनवाणी.
गाडगं मला वाटलं होतं त्याहून हलकं,
किती ग्रॅम, ते मी मोजलं नाही.
गुरुजी म्हणाले, आता मागे वळून बघू नका.
आणि वीस वर्षं पोरांना निरीक्षण करा, निरीक्षण करा
म्हणून ओरडणारी ही बाई
सरळ रिक्षात जाऊन बसली.

पेन उघडलं. टोपण लावलं. पुन्हा उघडलं.
वाहून जातात, लिहू का?
गाळात बसतात, लिहू का?
त्र्यंबक नाक्याचा खड्डा आला, पेन घसरलं,
कागदावर एक लाल रेघ उमटली, तिरपी.
मी तिच्याशेजारी लिहिलं, "छान",
आणि वही मिटली.

सकाळी प्रार्थनेच्या आधीच
ती टेबलापाशी उभी, एक वेणी सुटलेली.
"मॅडम, माझं एक शून्य राहिलं होतं.
एक लाख सेहेचाळीस हजार येतं.
तुम्ही छान कसं लिहिलंत?"

मग वही माझ्याकडे वळवून,
रेघेवर बोट ठेवून,
हळूच:
"आणि हे काय आहे?"